बिनरेघांची बाग

नऊ मार्च, रविवार. सकाळची भांडी आवरून साडेनऊला मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. काम किरकोळ होतं. एक्सेलमधल्या दोन शीटवरच्या फिकट रेघा लपवायच्या, आणि दुपारी लॅपटॉप टीव्हीला जोडून ती दोन्ही शीट अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठी करून दाखवायची. धाकटा भाऊ पिंपळगाव बसवंतहून जेवायला येणार होता. दोघांनी शीट पाहिली की चार महिन्यांचा एक वाद संपणार होता. तो कोणाच्या बाजूनं संपणार हे मला माहीत होतं, आणि ते मला आवडलेलं नव्हतं. पण आवडत नसलेलं कामही नीटनेटकं करावं, या मताची मी आहे.

रेघा लपवायची सवय मला नोकरीनं लावली. सिन्नरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी वीस वर्षं आहे. कुठला माल कुठल्या रॅकवर, ही नोंद माझ्याकडे. हाताखाली नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला मी हेच शिकवते. वर 'व्ह्यू' लिहिलेलं असतं तिथं जायचं, 'ग्रिडलाइन्स'च्या चौकोनातली बरोबरची खूण घालवायची, झालं. काहीजणी सगळं शीट पांढऱ्या रंगानं भरून टाकतात. रेघा दिसेनाशा होतात खऱ्या, पण ते म्हणजे केर गालिच्याखाली लोटणं. मशीननं सगळीकडे मारून ठेवलेल्या रेघा आधी घालवाव्यात, मग जिथं खरंच रेघ हवी तिथं आपण आपली मारावी. साहेबांना वाटतं मी कागद सुंदर करते. मी फक्त नको ते बाजूला करते.

आता ही दोन शीट कसली, ते सांगते.

दिवाळीत अण्णा ओट्यावरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला ऑपरेशन झालं. आमचा फ्लॅट इंदिरानगरला, तळमजल्यावर, दवाखाना रिक्षाच्या अंतरावर, म्हणून ते तिथून थेट माझ्याकडे आले. वॉकर घेऊन घरात फिरतात, गॅलरीत उन्हात बसतात. शेतात जायला मात्र डॉक्टरांची बंदी होती. ढेकळात वॉकर चालत नाही आणि पुन्हा पडणं परवडणारं नव्हतं. म्हणजे वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, ते द्राक्षाच्या हंगामात बागेत नव्हते.

ऑपरेशनच्या दिवशी भूल पुरती उतरलेली नसताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "जुन्या प्लॉटला मला इचारल्याबिगर कोणी हात लावायचा नाय. सांग त्याला."

मी "हो" म्हटलं. एरवी मी शब्द देत नाही, कारण दिला की पाळावा लागतो.

जुना प्लॉट वीस गुंठ्यांचा. वीस ओळी, ओळीला चोवीस झाडं, एकूण चारशे ऐंशी. थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग, मांडवावर चढवलेली. मी सातवीत असताना लावली. अण्णा आणि आई दोरी ताणून धरायचे आणि मी दोरीच्या कडेनं पांढरी फक्की सोडत जायचे. रानभर पांढऱ्या रेघा. दोन पाणी दिल्यावर त्या पुसल्या गेल्या तेव्हा मला रडू आलं होतं, कारण मेहनत माझी होती. आई म्हणाली होती, "अगं, काड्या लागल्या ना जागेवर? मग फक्कीचं आता काय लोणचं घालायचंय?"

त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. एवढी वर्षं द्राक्षाची बाग सहसा कोणी ठेवत नाही. भाऊ गेली तीन वर्षं म्हणतोय की ही बाग काढून नवी लावू. त्याचं चुकत नव्हतं. फवारणी तो करतो, छाटणीला पेठ तालुक्यातली माणसं तो आणतो, माल टेम्पोत तो भरतो. जानेवारीत एका संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर ठेवून भाकरी थापत होते.

"अण्णा, निम्मी बाग गेली. नुसत्या नांग्या हायेत." नांग्या म्हणजे झाड मरून ओळीत पडलेल्या रिकाम्या जागा.

"निम्मी कुठनं? दहा-वीस झाडं गेली असतील. भरून घे."

"भरून भरून कंबरडं मोडलं माझं."

"मग मला ने तिकडं. वॉकरला धरून भरतो."

"हां, म्हणजे दुसरं हाड पण मोडून घ्या. जोडी होईल."

अण्णा हसले आणि उठून गॅलरीत गेले. ते लांब गेल्याचा अंदाज घेऊन भाऊ हळू आवाजात म्हणाला, "ताई, खरं सांगू? त्यांच्या ध्यानात राहत नाय आता. परवा मला म्हणे बैल बांधला का. बैल इकून बारा वर्षं झाली."

"मला रोज म्हणतात दार लाव. दार लावलेलंच असतं."

"तेच म्हणतोय मी. अशा माणसाच्या शब्दावर बाग ठेवायची का? माल निघाला की काढतो मी."

"मी त्यांना शब्द दिलाय."

तो म्हणाला, "बरं, असं करू. कुठल्या ओळीतलं कुठलं झाड गेलंय ते त्यांनी सांगावं, घरबसल्या. तू लिहून घे. मी इकडं ओळी फिरून लिहितो. जुळलं, तर ते म्हणतील तसं. नाय जुळलं, तर तू मधे पडायचं नाय."

"ठरलं," मी म्हटलं, आणि भाकरी उलटली. एका बाजूनं करपली होती.

त्या दिवसापासून आमचा नेम झाला. कंपनीच्या बसनं साडेसहाला घरी यायचं, चहा घ्यायचा आणि रोज दोन ओळी लिहायच्या. शीटवर मी वीस आडव्या ओळी आणि चोवीस उभे रकाने धरले. झाड असेल त्या चौकोनात एक ठसठशीत हिरवा ठिपका. नसेल तिथं काही नाही.

"पहिली ओळ," मी म्हणायचे.

"पहिलीत काय नाय. पहिली पक्की." मग डोळे मिटून, मांडीवर बोट हळूहळू पुढं सरकवत, "थांब थांब. अकरावं गेलं. वाळवी लागली त्याला. आधीच सांगत होतो."

"कोणाला?"

"झाडाला."

ते आकड्यांनी सांगतच नसत. ट्रॅक्टरनं घासलेलं, सापाची कात सापडली ते, आईनं राखी बांधली होती ते. मग मला विचारावं लागे की ते कितवं. बोट पुन्हा बांधापासून निघे आणि मांडीवर मोजत मोजत त्या झाडाशी थांबे. माझे यजमान एकदा मागून डोकावले आणि म्हणाले, "बापलेकींची ठिपक्यांची रांगोळी चाललीय वाटतं." अण्णा म्हणाले, "या, जावईबापू, रंग तुम्ही भरा." यजमान लगेच टीव्हीकडे वळले.

सातव्या ओळीला अण्णांनी डोळे उघडले. "ही तू लावलेली ओळ. तीन काड्या उलट्या लावल्या होत्यास, डोकं खाली, पाय वर."

"दोन."

"तीन. मी रातचं जाऊन सरळ केल्या."

"हे तुम्ही पस्तीस वर्षांत कधी सांगितलं नाही."

"सांगून काय? काड्या सरळ झाल्या ना?"

"बरं. चौथं झाड आहे का? ते एकटं मी कोणाच्या मदतीशिवाय लावलं होतं."

"हाय. झकास हाय."

मी ठिपका दिला.

दहा संध्याकाळी लागल्या. फेब्रुवारीच्या मधल्या एका रविवारी भावानं सगळा प्लॉट पायी फिरून वहीत लिहिला आणि पानांचे फोटो मला पाठवले. मी त्याचं दुसरं शीट केलं. तसेच ठिपके, तेवढेच चौकोन. मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं.

काहीच जुळेना. अण्णांच्या तिसऱ्या ओळीत एक झाड गेलेलं, भावाच्या तिसऱ्या ओळीत अकरा. अण्णांची अठरावी ओळ रिकाम्या जागांनी भरलेली, भावाची अठरावी जवळजवळ सबंध. एकूण आकडा मात्र जवळपास होता. अण्णांच्या हिशेबानं एकशे त्रेचाळीस नांग्या, भावाच्या हिशेबानं दीडशे. 'दहा-वीस गेली असतील' म्हणणाऱ्या माणसानं मला दहा दिवसांत एकशे त्रेचाळीस झाडं गेल्याचं सांगितलं होतं, एकेक करून.

भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "आकडा जुळून काय करू, ताई? अंदाज तर कोणी पण सांगतं. जागा कुठं आठवतायत? तुला वाईट वाटतंय, मला काय बरं वाटतंय का? पण ते मनानं सांगतायत सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना चहा देताना विचारलं, "काल संध्याकाळी भाजी कुठली होती हो?"

"परीक्षा घेतीस का?"

"सहज विचारलं."

"सहज कोणी भाजी इचारतं? गिलकी होती. मीठ कमी होतं. लिही तुझ्या शीटात."

मी स्वयंपाकघरात आले. कालची गिलकी आठवते आणि पस्तीस वर्षांची बाग आठवत नाही, असं होतं का? होत असेल. मी स्टोअर सांभाळणारी बाई, मला डोक्यातलं काय कळणार? मी त्याच दिवशी मेंदूच्या डॉक्टरांची मार्चमधल्या अकरा तारखेची, मंगळवारची वेळ घेतली, आणि अण्णांना सांगितलं की खुब्याचीच तपासणी आहे. खोटं बोलण्याची मला सवय नाही, त्यामुळे वाक्य जरा लांबलं. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि "बरं" म्हणाले. त्या "बरं"नं मला आठवडाभर त्रास दिला. प्लॉटवर त्यांचा शब्द चालणार नाही, हे त्यांना कोणी तोंडावर सांगितलेलं नव्हतं. पण ओळी लिहून संपल्यावरही ते रोज संध्याकाळी शीट उघडायला सांगत, ते त्यांनी बंद केलं होतं.

तर नऊ मार्च. टेबलाशी बसून मी आधी अण्णांच्या शीटवर गेले आणि खूण घालवली.

रेघा गेल्या आणि चौकोन गेले. तोवर मी ते शीट महिनाभर रोज पाहिलं होतं, पण चौकोनाचौकोनानं पाहिलं होतं, जसं अण्णांनी सांगितलं तसं. रेघा होत्या तोवर रिकामा चौकोनसुद्धा चौकोनच दिसायचा, झाडाची जागा धरून बसलेला. आता पांढऱ्यावर नुसते हिरवे ठिपके उरले, आणि उंचावरून बाग पाहावी तसं ते दिसलं. इथंतिथं विरळ. आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक मोठा लचका, पोळीचा घास तोडावा तसा.

हा सेटिंगचा प्रकार प्रत्येक शीटला वेगळा असतो. एकावरच्या रेघा घालवल्या म्हणून दुसऱ्यावरच्या जात नाहीत. मी भावाच्या शीटवर जाऊन तिथली खूण घालवली.

तिथंही लचका होता. डावीकडेच. फक्त वर.

मी दोन्ही शीट पुन्हा शेजारी लावली आणि चष्मा काढून पाहिलं, कारण चष्म्याशिवाय मला ठिपके दिसत नाहीत, आकार दिसतो. तोच घास होता. एक सरळ, एक उलटा. मग चष्मा लावून एकच गोष्ट तपासली. अण्णांची पहिली ओळ, अकरावं गेलेलं. भावाची विसावी ओळ, अकरावं गेलेलं. बाकी ओळ सबंध.

अण्णा गॅलरीत तूर सोलत बसले होते. मी दारात जाऊन विचारलं, "अण्णा, पहिली ओळ कुठली हो?"

"पहिली म्हणजे पहिली. इहिरीची."

"विहिरीची का?"

"आता हे काय इचारणं? पाणी कुठनं येतं? इहिरीवरनं. मग पहिली ओळ दुसरी कुठली असंल?"

मी भावाला फोन लावला. तो हायवेला होता, मागे ट्रकांचे आवाज येत होते. "तुझी पहिली ओळ कुठली रे?"

"रस्त्याची."

"का?"

"का म्हणजे? टेम्पो कुठं लागतो? रस्त्याला. ठिबकचा कॉक कुठं हाय? रस्त्याला. माणसं छाटणीला कुठनं शिरतात? ताई, काय झालं?"

"काही नाही. सावकाश ये. वरण-बट्टी आहे."

ठिबक बसवल्यापासून, म्हणजे निदान पंधरा वर्षं, बाप विहिरीकडून मोजत होता आणि मुलगा रस्त्याकडून. दोघांच्या एकदाही लक्षात आलं नाही, कारण शेतात कोणी आकडा सांगत नाही, बोट दाखवतं. फोनवर बोट दिसत नाही.

मी भावाच्या शीटचा क्रम उलटा लावला. विसावी ओळ वर, पहिली खाली. दोन मिनिटांचं काम. मग दोन्ही एकमेकांवर ताडून पाहिली. अण्णांनी सांगितलेली प्रत्येक रिकामी जागा भावाच्या शीटवर रिकामी होती. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस. भावाच्या सात जास्त होत्या. त्यातल्या सहांपुढं त्यानं वहीत 'यंदा' असं लिहिलं होतं, म्हणजे अण्णा इकडे आल्यानंतर गेलेल्या. सातव्यापुढं 'जुनी' असं लिहिलं होतं. ती अण्णांच्या सातव्या ओळीतली चौथी.

मी पुन्हा गॅलरीत गेले. या वेळी खुर्ची ओढून बसले आणि आधी ओळींचं सगळं सांगितलं. ते तूर सोलायचे थांबले.

"म्हणजे आम्ही दोघं दोन टोकांनी मोजत होतो?"

"हो."

"आणि हे ओळखलं कोणी, तर उलट्या काड्या लावणारीनं." ते एवढे हसले की सोललेले दाणे मांडीवरून सांडले. मी ते वेचले.

"एकच चूक आहे तुमची," मी म्हटलं. "सातवीतलं चौथं. ते नाहीये. जुनी नांगी आहे म्हणतो तो."

"मला माहीत हाय. तीन वर्षं झाली."

"मग झकास आहे म्हणून का सांगितलंत?"

"लिहीत तू होतीस ना."

मी आत आले आणि तो ठिपका खोडला. शीट बरोबर असायला हवं. मग बट्ट्या तुपात सोडल्या.

भाऊ साडेबाराला आला. जेवणं होईपर्यंत मी काही बोलले नाही, कारण आमच्याकडे वादात वरण थंड होतं. मग लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि दोन्ही शीट दाखवली, आधी उलटी, मग सुलटी. भाऊ उठून टीव्हीजवळ गेला आणि बोट लावून लावून ओळी तपासू लागला. दोन-तीन ओळींनंतर त्याचं बोट थांबलं.

"ह्यांना सगळं पाठ हाय," तो टीव्हीलाच म्हणाला. मग वळून, "अण्णा, माझं चुकलं. मी ताईला काय काय बोललो तुमच्याबद्दल."

"काय बोललास?"

"जाऊ द्या ना."

"बैलाचं बोलला असंल," अण्णा मला म्हणाले. "बैलाचं मी त्याला मुद्दाम इचारलं होतं. फोनवर नुसता हां-हां करतो, ऐकतो का बघावं म्हटलं."

भावानं कपाळाला हात लावला. "बरं. मी शब्द दिला होता. तुम्ही म्हणाल तसं. ठेवायची तर ठेवू, नांग्या भरू."

अण्णा टीव्हीकडे बघत होते. म्हणाले, "मागं ह्याच्यावर रेघा होत्या. त्या कुठं गेल्या?"

"मी लपवल्या."

"लाव बघू परत."

मी खूण लावली. चौकोन आले.

"आता भरलेली दिसती. घालव."

मी घालवली.

"लाव. ... घालव."

तीन वेळा झालं. चौथ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. मग वॉकर धरून उठले, टीव्हीपाशी गेले आणि त्या लचक्याच्या कडेकडेनं हवेत बोट फिरवलं. "हा रस्त्याचा कोपरा. रस्ता उंच केला तेव्हापासून पाणी तुंबतं इथं. मला एकेक माहीत होतं. एकेक गेलं तसं एकेकाचं वाईट वाटून झालं. पण एवढं मोकळं झालंय हे कधी दिसलंच नाय. मांडव असतो ना. एक झाड गेलं की शेजारचं त्याच्यावर पसरतं, पांघरूण घालतं. खालनं बघावं तर सगळी सावलीच."

त्यांनी बोट खाली घेतलं.

"एप्रिलची छाटणी करू नको," ते भावाला म्हणाले. "माल निघाला की बाग काढ."

आणि मग जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. भाऊ खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अण्णा, एक वर्ष थांबू या की. काय घाई हाय?"

"आता तू नको चालू करू," अण्णा म्हणाले. "तीन वर्षं माझं डोकं खाल्लं ना? काढ म्हणतो तर काढ. मांडवाचे अँगल नीट उतरव, वाकवू नको. त्या कोपऱ्यात आधी चर मार, पाणी निघालं पाहिजे. आणि काढायच्या दिवशी मला घेऊन जा. गाडीत बसून बघीन. उतरणार नाय."

"उतरणार नाही ना नक्की?" मी विचारलं.

"नाय म्हटलं ना."

भावानं जाताना दारात चपला घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मी त्याच्या हातात उरलेल्या बट्ट्यांचा डबा दिला आणि म्हटलं, "वाकून उभा काय राहिलास, ऊन उतरलंय, निघ." तो "हो ताई" म्हणाला आणि नाक ओढून निघाला.

सोमवारी सकाळी सहाला मी उठले तेव्हा अण्णा अंघोळ करून टेबलाशी बसलेले होते. चष्मा लावलेला, वॉकर खुर्चीला टेकवलेला, लॅपटॉप समोर, बंद.

"उघड," ते म्हणाले. "नवीन पान घे. आणि त्या रेघा परत आण."

"कशाला? कालच तर नको होत्या."

"काल झालेली बाग बघायची होती. आता लावायची हाय. फक्की मारल्याबिगर लावतात का? दोन ओळींत दहा फूट ठेवू म्हणतो, नवा ट्रॅक्टर शिरला पाहिजे. किती ओळी बसतात ते आज काढून ठेवतो. संध्याकाळी त्याला फोन लावून दे."

पावणेआठची बस होती आणि डबा भरायचा होता. मी नवीन शीट उघडलं. नव्या शीटवर रेघा आपोआप असतातच. चौकोन जरा मोठे केले, आणि ठिपका कसा द्यायचा ते त्यांना दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात बाजूला सारला. सर्वांत वरच्या चौकोनात मी 'विहीर' लिहिलं आणि सर्वांत खालच्या चौकोनात 'रस्ता', दोन्ही ठळक. मग पोळ्या केल्या, डबा भरला, कोपऱ्यावर बसची वाट पाहताना मेंदूच्या डॉक्टरांकडे फोन करून मंगळवारची वेळ रद्द केली, आणि बसमध्ये चढले.